चरबीच्या पेशी मरत नाहीत, मग वजन उतरवायचं कशाला?

तुम्ही जे लिहिलंत ते थोडक्यात असं. वय ३९, उंची पाच फूट दोन इंच. वजन ७८ किलो होतं, ते पाच महिन्यांत ६५ वर आणलं. त्यासाठी पोळी-भात पूर्ण बंद केला आणि रोज दोन वेळा ट्रेडमिल केली. पुढच्या दोन वर्षांत वजन परत ७३ झालं. जिममधले ट्रेनर म्हणाले की चरबीच्या पेशी एकदा तयार झाल्या की मरत नाहीत, नुसत्या रिकाम्या होतात आणि परत भरतात. त्यामुळे तुमचा प्रश्न असा की मग एवढी धडपड कशासाठी करायची, आणि त्या पेशीच गोठवून किंवा ओढून काढल्या तर काम कायमचं होईल का. शेवटच्या ओळीत तुम्ही जाताजाता लिहिलंय की एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आलंय आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय.

मी मधुमेह आणि वजन यांवर काम करणारा फिजिशियन आहे. तुमच्या सगळ्या मजकुरात मला ती शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच दडलेलं आहे. मी तुम्हाला तपासलेलं नाही. थायरॉईड, पाळीच्या तक्रारी, पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड), झोप, घरातला मधुमेहाचा इतिहास, चालू असलेल्या गोळ्या यांवर बरंच अवलंबून असतं आणि त्यातलं काहीच मला माहीत नाही. पेशी कशा वागतात ते मात्र सगळ्यांच्या शरीरात बरंचसं सारखं आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

ट्रेनरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मेदपेशी मरतात, पण मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेते, त्यामुळे एकूण संख्या हलत नाही. हे कळलं कसं, ती हकिकतही सांगण्यासारखी आहे. १९५५ ते १९६३ या काळात उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या झाल्या आणि जगभरच्या वातावरणात कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढला. चाचण्या थांबल्यावर तो दरवर्षी कमी होत गेला. वनस्पतींनी तो हवेतून घेतला, अन्नातून तो माणसांत आला आणि त्या त्या वर्षी जन्मलेल्या पेशींच्या डीएनएमध्ये त्या त्या वर्षाचं प्रमाण नोंदलं गेलं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी ही नोंद वाचून मेदपेशींचं वय काढलं आणि २००८ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. प्रौढ माणसात दरवर्षी साधारण १० टक्के मेदपेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. बारीक माणसातही हेच आणि जाड माणसातही हेच. संख्या लहानपणी आणि पौगंडावस्थेत वाढते, विशीच्या आसपास स्थिरावते. वजन घटवण्यासाठी जठराचं ऑपरेशन झालेल्या लोकांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा वजन भरपूर उतरलेलं होतं, पेशी आकाराने लहान झालेल्या होत्या, पण संख्या तेवढीच होती.

याला एक पुरवणी जोडायला हवी. मोठेपणी नव्या पेशी वाढतच नाहीत असंही नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी बारीक, निरोगी माणसांना आठ आठवडे जास्तीचं खायला घातलं आणि मग चरबीचे नमुने तपासले. पोटावरच्या कातडीखाली होत्या त्याच पेशी फुगल्या. मांड्यांवर मात्र नव्या पेशी तयार झाल्या: खालच्या अंगात सरासरी दीड-पावणेदोन किलो चरबी वाढली तेवढ्यात सुमारे २६० कोटी. म्हणजे एकाच बाईच्या पोटाची आणि मांडीची चरबी वाढण्याची रीत वेगळी असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एका पेशीत काय चालतं ते पाहू. मेदपेशी म्हणजे मधोमध तेलाचा एक मोठा थेंब आणि त्याच्याभोवती ताणलेलं पातळ आवरण. केंद्रक बिचारं कडेला ढकललेलं. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं. रक्तातली मेदाम्लं पेशीत शिरतात, तिथे त्यांची ट्रायग्लिसराइड होऊन थेंबात जमा होतात. इन्सुलिनचं दुसरं काम अधिक महत्त्वाचं आहे: साठलेली चरबी फुटून बाहेर पडू नये म्हणून ते दार लावून धरतं. दोन जेवणांच्या मध्ये, रात्री, व्यायाम करताना इन्सुलिन उतरतं, अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं चढतात, थेंबातली चरबी फुटते आणि मेदाम्लं रक्तातून स्नायूंकडे, हृदयाकडे, यकृताकडे जातात. हे येणं-जाणं दिवसरात्र सुरू असतं. त्याच कॅरोलिन्स्का गटाने पुढे मोजलं तेव्हा पेशीत साठलेल्या चरबीचं सरासरी वय दीड वर्षाच्या थोडं पुढे निघालं. पेशी दहा वर्षं टिकेल, पण आतला माल त्याआधी कितीतरी वेळा बदललेला असतो. लठ्ठपणात बाहेर जाणारा माल मंदावतो आणि आत येणारा वाढतो.

पेशीची फुगण्याची ताकद प्रचंड आहे. व्यास ०.०२ मिलिमीटरपासून ०.२ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. व्यास दहापट म्हणजे आकारमान हजारपट. वजन वाढतं ते मुख्यतः असं, आणि उतरतं तेही असंच, पेशी आक्रसून. 'चरबी वितळली' असं आपण म्हणतो, पण ती घामावाटे किंवा लघवीतून तेल होऊन जात नाही. तिचं ज्वलन होतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. १० किलो चरबी जळाली तर त्यातला ८.४ किलो भाग श्वासावाटे निघून जातो आणि उरलेला १.६ किलो पाण्याच्या रूपात. घाम आणणारे पट्टे, पोटाला गुंडाळायचे कागद, व्हायब्रेटरच्या खुर्च्या यांचा या रसायनाशी काहीही संबंध नाही. व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण चरबी कुठल्या भागातली निघेल ते त्या भागाच्या व्यायामावर ठरत नाही. ते ठरतं संप्रेरकांवर, त्या त्या जागच्या पेशींवर संप्रेरकांचा निरोप घेणारे जे रिसेप्टर असतात त्यांच्यावर आणि अनुवंशिकतेवर.

इथवर जे सांगितलं त्याने तुमची निराशा कदाचित वाढली असेल: पेशी तेवढ्याच राहतात, नव्या होतात पण कमी होत नाहीत. म्हणून आता तो मुद्दा, जो मी ओपीडीत सर्वांत जास्त वेळ घेऊन समजावतो. पेशींची संख्या हा तुमचा शत्रू नाही. पेशी किती फुगल्या आहेत आणि त्यांत न मावलेली चरबी कुठे जाऊन बसली आहे, यावर तुमची शुगर आणि तुमचं लिव्हर अवलंबून आहे.

घरात धान्याची कणगी असते तशी कातडीखालची चरबी. आलेलं धान्य कणगीत मावतंय तोवर घर नीट चालतं. कणगी भरून वाहू लागली की पोती माजघरात, स्वयंपाकघरात, जिन्यात येऊन पडतात आणि घरातली माणसंच अडखळतात. शरीरात हे 'माजघर' म्हणजे यकृत, स्वादुपिंड, स्नायू आणि आतड्यांभोवतीची जागा. फुगलेल्या पेशीला प्राणवायू पुरेसा पोचत नाही, तिच्याभोवती दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, इन्सुलिनचं ती ऐकेनाशी होते आणि दार लावून ठेवायचं काम नीट होत नाही. मेदाम्लं गरज नसताना रक्तात सांडत राहतात. यकृतात चरबी साठली की यकृतही इन्सुलिनला दाद देत नाही आणि रात्रभर साखर तयार करत राहतं. सकाळची उपाशीपोटीची शुगर वाढते ती बहुधा इथून. स्वादुपिंडात चरबी साठली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दमतात. तुमचं ६.१ आणि तुमचं फॅटी लिव्हर या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

हे नुसतं तर्काने जुळवलेलं नाही. लिपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आजार आहे. त्यात कातडीखालच्या मेदपेशी जवळपास नसतातच. माणूस दिसायला काटक, नसा वर आलेल्या, पोटाला घडी नाही. ट्रेनरच्या हिशेबाने हा आदर्श देह. प्रत्यक्षात या रुग्णांना कमी वयात भयंकर मधुमेह होतो, यकृत चरबीने भरतं, ट्रायग्लिसराइड बेसुमार चढतात, कारण चरबी ठेवायला जागाच नाही. दुसरं उदाहरण आपल्याकडे बऱ्याच मधुमेहींच्या चिठ्ठीत असतं: पायोग्लिटाझोन. ही गोळी नव्या, लहान मेदपेशी तयार करायला लावते. वजन दोन-चार किलो वाढतं आणि तरीही शुगर सुधारते, यकृतातली चरबी घटते, कारण चरबी यकृतातून उठून कातडीखाली गेली. मेदपेशी मुळात वाईट असत्या तर असं झालं नसतं. या गोळीचे तोटेही आहेत, पायांवर सूज येते, हृदय कमकुवत असेल तर देता येत नाही, तेव्हा हे वाचून कुणी ती स्वतःहून सुरू करू नये.

यातला आपल्या लोकांचा भाग विशेष आहे, आणि तो उलगडण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू बारीक, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी बऱ्यापैकी टिकून. बाळ दिसायला हडकुळं आणि आतून स्निग्ध. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. कॅनडात राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या चरबीचे नमुने तपासले तेव्हा त्यांच्या कातडीखालच्या मेदपेशीही गोऱ्या लोकांपेक्षा मोठ्या निघाल्या. आपली कणगी लहान आहे आणि लवकर भरते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. 'घरात कुणीच जाड नाही, मग शुगर कशी?' हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो, त्याचं उत्तर हेच.

आता तुमच्या १३ किलोंकडे येतो. वजन उतरायला लागलं की सांडलेली चरबी आधी उचलली जाते. यकृतातला साठा तर फार लवकर हलतो. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात रॉय टेलर यांच्या गटाने मधुमेहींना दिवसाला ६०० उष्मांकांचा आहार दिला, तेव्हा पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची शुगर सामान्य झाली. स्वादुपिंडाला आठ आठवडे लागले. पुढे त्यांनीच डायरेक्ट नावाची मोठी चाचणी केली. तिच्यात एका वर्षात १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्या रुग्णांपैकी ८६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. त्या सगळ्यांच्या मेदपेशींची संख्या आधी होती तेवढीच असणार. त्यांना जो फायदा झाला तो पेशी आक्रसल्याचा आणि यकृत-स्वादुपिंड मोकळं झाल्याचा.

तुम्ही ६५ किलोवर होतात तेव्हाचा एचबीए१सी आणि लिव्हरचा रिपोर्ट असेल तर शोधून पाहा. तो आजच्यापेक्षा बरा असण्याची दाट शक्यता आहे. आणि आजही तुम्ही ७८ वर नाही, ७३ वर आहात. पाच किलो अजून खाली आहात. ज्या माणसाला आपण हरलो असं वाटतं त्याला हे दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग वजन परत का वाढलं? इथे मात्र तुम्ही स्वतःला दोष देताय तेवढा दोष तुमचा नाही. मेदपेशी ही साठवणीची जागा असून ग्रंथीही आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं. हे संप्रेरक मेदपेशी बनवतात आणि मेंदूला साठा किती आहे ते कळवतात. पेशी आक्रसल्या की लेप्टिन घसरतं, तेही घटलेल्या चरबीच्या मानाने जास्तच. मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जा घटते, नकळत होणारी हालचालही कमी होते. मेलबर्नच्या संशोधकांनी दहा आठवडे कडक आहार देऊन लोकांचं वजन उतरवलं आणि वर्षाने पुन्हा रक्त तपासलं. भुकेशी संबंधित संप्रेरकं तोवरही पूर्ववत झालेली नव्हती आणि माणसांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. वर्षभर! वजन उतरल्यावर 'आता झालं' म्हणून आपण ज्या काळात सैल होतो, नेमका तोच काळ शरीराच्या बाजूने सर्वांत कठीण असतो.

त्यात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाचा एक शोधनिबंध आला. लठ्ठ माणसांच्या चरबीचे नमुने त्यांनी ऑपरेशनआधी आणि वजन उतरल्यावर घेतले. काही जनुकं वजन उतरल्यावरही बारीक माणसांतल्यासारखी वागायला लागली नव्हती. उंदरांत त्यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं: डीएनएभोवतीच्या रासायनिक खुणा वजन उतरल्यावरही तशाच राहिल्या होत्या आणि पूर्वी लठ्ठ असलेल्या उंदरांना पुन्हा चरबीयुक्त खाणं मिळालं तेव्हा त्यांचं वजन इतरांपेक्षा झपाट्याने वाढलं. पेशीला जुन्या दिवसांची सवय राहते, एवढं तरी यातून म्हणता येतं. ही सवय कधीच जात नाही असं मात्र कुणी दाखवलेलं नाही, आणि दरवर्षी दहा टक्के पेशी बदलतात हे वर आलंच आहे. माझा अंदाज असा की वजन बरीच वर्षं खाली राहिलं तर ही ओढ सैल होत असावी. सिद्ध झालेली गोष्ट म्हणून हे सांगत नाही, पण याच अंदाजावर मी रुग्णांना खाली आलेलं वजन राखायचा आग्रह धरतो.

तुमच्या पद्धतीतही दोन अडचणी होत्या. पोळी-भात एकदम बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले असतील तर त्यात बरंचसं पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. ग्लायकोजेन संपलं की ते निघून जातं आणि पहिल्या वरणभाताबरोबर परत येतं. ते चरबीच्या खात्यात धरू नका, ना उतरताना ना वाढताना. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. आहारात प्रथिनं पुरेशी नसतील आणि व्यायाम म्हणजे फक्त ट्रेडमिल असेल, तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा भाग स्नायूंसारख्या ऊतींचा असू शकतो, कधी त्याहून जास्त. परत वाढताना मात्र मुख्यतः चरबी वाढते. म्हणजे पूर्वी तुम्ही ७३ किलोच्या होतात तेव्हाचं शरीर आणि आजचं ७३ किलोचं शरीर सारखं नसेल. आपल्या लोकांत स्नायू आधीच कमी, त्यात हे.

आता गोठवणं आणि ओढून काढणं. चरबी गोठवण्याच्या यंत्राने पेशी खरोखर मरतात. थंडी मेदपेशींना कातडीपेक्षा लवकर बाधते, त्यातून त्या जागची चरबी साधारण पाचव्या हिश्शाने पातळ होते. कपड्यांच्या मापासाठी कुणाला हवं असेल तर माझी हरकत नाही. पण त्याने वजन उतरत नाही, आणि क्वचित त्याच जागी चरबी उलटी वाढून कडक गोळा तयार होतो, हे सही करण्याआधी विचारून घ्या. लायपोसक्शनचा, म्हणजे चरबी ओढून काढण्याचा, पुरावा तुमच्या प्रश्नावर थेट लागू पडतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा किलो चरबी ओढून काढली आणि तीन महिन्यांनी तपासणी केली. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब, शुगर, कोलेस्टेरॉल, कशातच सुधारणा नव्हती. तेवढीच चरबी खाणं-व्यायामाने गेली असती तर सगळं सुधारलं असतं. कारण वर सांगितलं तेच: काढलेली चरबी कातडीखालची, यकृतातली जागच्या जागी, आणि उरलेल्या पेशी तेवढ्याच फुगलेल्या. पुढे कोलोरॅडोत लायपोसक्शननंतर वर्षभर स्त्रियांवर लक्ष ठेवलं गेलं. चरबी वर्षात भरून आली. मांड्यांवर परत आली नाही, ती पोटाच्या वरच्या भागात आली. फॅटी लिव्हर आणि ६.१ असलेल्या बाईने मांडीवरची सुरक्षित जागा काढून टाकण्यासाठी पैसे का मोजावेत, याचं चांगलं कारण मला सापडत नाही.

तुम्ही माझ्या समोर बसला असतात तर मी काय केलं असतं ते लिहितो. लक्ष्य ६५ धरलं नसतं. आधी ६८, म्हणजे आजच्या वजनाच्या सुमारे ७ टक्के. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत एवढ्याच लक्ष्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. आपल्याकडे चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने केलेल्या चाचणीत तर वजन जवळपास हललं नाही, तरी खाणं आणि चालणं सुधारल्याने मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. हे दोन अभ्यास मी काटा हलत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसांना आवर्जून सांगतो. दर महिन्याला वजनासोबत कमरेचा घेर मोजा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता, दर वेळी त्याच जागी. वजन अडकलेलं असताना घेर दोन-तीन सेंटिमीटरने कमी होणं हे मला चांगलं लक्षण वाटतं.

पोळी-भात कायमचा सोडायची गरज नाही, आणि तो तुम्हाला आयुष्यभर सोडता येणारही नाही. दोन पोळ्यांच्या जागी एक, आणि ताटातली मोकळी झालेली जागा उसळ, दाट वरण, पिठलं, अंडी, मासे, पनीर, दही यांनी भरा. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक ग्रॅम, जमल्यास थोडी जास्त, प्रथिनं पोटात जायला हवीत; किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आपल्या बहुतेक घरांत नुसत्या पातळ वरणावर ही संख्या गाठली जात नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस हे पिष्टमय पदार्थांचं सर्वांत मोठं जेवण ठरतं, तिथे भगर आणि दाण्याची आमटी, दही किंवा राजगिरा चालवून घ्या. ट्रेडमिल एक वेळच पुरे. दुसरी वेळ आठवड्यातून तीनदा वजनं उचलायला द्या: उठाबशा, डंबेल, रबरी पट्टा, जे जमेल ते. नव्याने केलेला स्नायू साखर रिचवणारी जागा वाढवतो.

वजन ६८ ला आलं की पुढे लगेच उतरवू नका. सहा महिने ते फक्त टिकवा. आठवड्यातून एकदा काट्यावर उभं राहा आणि दोन किलोंची लक्ष्मणरेषा ठरवा. ती ओलांडली की त्याच आठवड्यात जुन्या ताटाकडे परतायचं, दिवाळी संपायची वाट पाहायची नाही. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले बहुतेक लोक आठवड्यातून किमान एकदा वजन करतात आणि रोज तासाभराची हालचाल करतात. अशा यादीत यशस्वी माणसंच येतात, त्यामुळे त्यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण मी ज्यांना वर्षानुवर्षं टिकून राहिलेलं पाहिलंय त्यांच्याही सवयी याच.

सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आता आपल्याकडेही मिळतात, तुम्ही विचारलं नसलं तरी कुणीतरी सुचवेलच. ती भुकेच्या त्याच यंत्रणेवर काम करतात आणि गुणकारी आहेत. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. पेशी तिथेच असतात, हे इथेही दिसतं. घ्यायचं ठरलं तर थांबवल्यावर काय करायचं ते सुरू करतानाच ठरवा. तुमच्या आकड्यांवर मी आधी सहा महिने औषधाविना प्रयत्न केला असता, पीसीओएस किंवा आईवडिलांना कमी वयात मधुमेह असेल तर थोडं लवकर विचार केला असता.

आता या आठवड्यात करायचं ते एवढंच: टीएसएच (थायरॉईडची तपासणी), उपाशीपोटीचं लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम आणि प्लेटलेट्स तपासून घ्या. वय, हे दोन एन्झाइम आणि प्लेटलेट्स यांवरून फिब-४ नावाचा आकडा काढता येतो आणि लिव्हरला व्रण पडायला लागलेत का याचा प्राथमिक अंदाज येतो. सोनोग्राफीतल्या ग्रेडपेक्षा मला तो जास्त उपयोगी पडतो. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरची गोळी चालू असेल तर नाव लिहून न्या, त्यांतल्या काहींनी वजन वाढतं, पण स्वतःहून बंद करू नका. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा, घेर आणि वजनाच्या नोंदी शेजारी मांडा, आणि ६५ किलोवर असतानाचा जुना रिपोर्ट सापडला तर तोही सोबत न्या.